भावकीची चिंबोरी

‘झालं म्हणून समज,’ असं म्हणताना तो समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरायचा आणि लवकर सोडायचा नाही. समोरच्याला वाटायचं, काय मायेचा माणूस आहे. मला मात्र त्या हातांकडे बघून नेहमी धास्ती वाटायची. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल बघा. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि हे आजूबाजूच्या सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं.

चौलच्या नाक्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. पूर्वी पासपोर्टचे आणि बारशाचे फोटो काढायचो. आता लग्नाआधीच्या फोटोंवर पोट चालतं. म्हणजे नवरा-नवरी घोट्याएवढ्या समुद्रात उभे राहून एकमेकांकडे बघतात आणि दोघांच्या चपला हातात धरून मुलीचा भाऊ किनाऱ्यावर उन्हात उभा असतो. तो हात धरणारा माणूस माझा शेजारी, शाळेपासूनचा सोबती. त्याच्या वाडीचा आणि माझ्या परसाचा दगडी गडगा एकच. त्याचं नाव मी इथे सांगत नाही. सांगितलं तर भावकीतलं कोणीतरी या लिखाणातही वाटा मागायला येईल.

अर्धं आयुष्य त्याने किनाऱ्यावरच्या एका बंगल्याची राखण केली. मालक मुंबईचे. दिवाळीला, नाताळला आणि आंब्यांच्या दिवसांत यायचे, एरवी बंगला त्याच्या ताब्यात. ताब्यात म्हणजे काय, तर झाडांना पाणी घालायचं, खिडक्या पुसायच्या, आणि आठवड्यातून एकदा मालकांची गाडी चालू करायची. ती गाडी म्हणजे दोन दारांची, दोन सीटांची, टप मागे घडी होणारी, जमिनीपासून वीतभर उंच आणि भडक नारिंगी. तिची बॅटरी उतरू नये म्हणून गॅरेजपासून गेटपर्यंत न्यायची आणि तशीच मागे आणायची, एवढीच परवानगी. गेटाबाहेर काढायची नाही. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालायचा. मी एकदा मुद्दाम बघायला गेलो होतो. गेटपाशी गाडी थांबवून तो थोडा वेळ गजांमधून रस्त्याकडे बघत बसला, मग आरशात बघून मागे आला. मला हसू आलं, पण हसलो नाही.

पुढे मालकांची मुलं परदेशी गेली आणि मालकांनी सगळंच विकायला काढलं. गाडी त्याला म्हणाले, तूच घे, दुसऱ्याला देण्यापेक्षा तुला कमी किमतीत देतो. तो तसाच सायकल मारत माझ्या स्टुडिओत आला.

“भाड्यानं घेतील का रे लोक? फोटोसाठी?”

“फोटोसाठी लोक घोडा भाड्याने घेतात, होडी घेतात. गाडी का नाही घेणार?” मी कॅमेऱ्याची लेन्स पुसत म्हणालो. माझं एवढं वाक्य त्याने मनावर घेतलं. नंतर कधीही काही बिघडलं की सांगायचा, “तूच म्हणालेलास, घोडा घेतात.”

पण त्याच्या मनात माझ्या वाक्याच्या आधीपासून काय होतं, ते त्याने त्याच दिवशी सांगितलं. म्हणाला, “बंगला कोणी ना कोणी घेणार. नवा मालक मला ठेवील बी. पन मला आता दुसऱ्याच्या गेटात म्हातारं व्हायचं न्हाय.” एरवी तो इतकं सरळ बोलत नसे. हे बोलताना त्याने माझा हात धरला नाही, म्हणून मला ते खरं वाटलं.

आता पैसे उभे करायचे. बँकेत साहेबांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, “गाडीचं वय काय?” याने सांगितलं. साहेब म्हणाले, एवढ्या जुन्या गाडीवर कर्ज बसत नाही. मग पतसंस्था. तिथे म्हणाले, जमीन तारण द्या, लगेच काम होईल. जमीन होती. नारळ-सुपारीची वाडी, विहिरीसकट, रस्त्याला लागून. घाम त्याचा, पाणी त्याचं, झाडं त्याच्या बापाने लावलेली. पण सातबारा सामायिक. आमच्या किनाऱ्यावर ज्याने सातबारा पाहिलाय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. एका तुकड्यावर इतकी नावं की वाचताना माणूस दमतो. काही नावं मेलेल्यांची, काही पनवेलची, काही विरारची, काही नावं कोणाची ते घरात कोणालाच सांगता येत नाही. या सगळ्यांची संमती हवी.

एरवी भावकीतल्या लोकांना वाडीची आठवण फक्त सुपारी उतरवताना व्हायची. पण सही मागायला माणूस दारात आला की वाडी एकदम सगळ्यांच्या काळजाचा तुकडा होते. तो दारोदार फिरला. म्हसळ्याला मी त्याच्याबरोबर गेलो होतो, कारण मोटारसायकल माझी होती. तिथे त्याचे थोरले चुलतभाऊ राहतात. शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला, मग बाजूला ठेवला.

“सही करतो. मला पैसा नको. तू आमचाच हायस,” अण्णा म्हणाले. “फक्त आमच्या बंड्याच्या लग्नात वरातीला ही गाडी आली पायजे. घरची गाडी म्हणून.”

“झालं म्हणून समजा, अण्णा,” तो म्हणाला, आणि त्यांचा हात धरून बसला.

अण्णांनी सही केली ही बातमी आमच्याआधी पनवेलला पोचली, आणि कशावर केली हेही पोचलं. मग प्रत्येक घरात तेच. कोणाची मुलगी, कोणाचा पुतण्या, कोणाची भाची. कोणीही पैसा मागितला नाही, हे त्यांच्या चांगुलपणाचं लक्षण म्हणून तो मला सांगायचा. पनवेलहून परत येताना वडखळच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं, “अरे, किती जणांना कबूल केलंस?”

“केलं असेल. तुझं काय जातंय? लग्नं काय रोज होतात?”

मी लग्नांवर जगणारा माणूस. मला ठाऊक होतं की लग्नं रोज होत नाहीत. ती सगळी वैशाखातल्या त्याच त्या मुहूर्तांवर होतात. हे त्याला मी सांगितलंही. तो म्हणाला, “बघू,” आणि बशीत चहा ओतला.

गाडी घरी आली त्या दिवशी वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, नारळ फोडला. नारळाचं पाणी गाडीच्या नाकावर शिंपडायला त्यांना बरंच वाकावं लागलं, इतकी गाडी बुटकी. पोरांनी तिला चिंबोरी म्हणायला सुरुवात केली. शिजलेल्या चिंबोरीचा, म्हणजे खेकड्याचा रंग, तसंच पसरट अंग. तोही मग फोनवर सांगायला लागला, “चिंबोरी उद्या मोकळी हाय, परवा न्हाय.” मी त्याला शेठ म्हणायला लागलो. तो लाजायचा, पण दुसऱ्या हाकेला ‘ओ’ द्यायचा.

पहिले काही महिने फार सुंदर गेले. मुंबई-पुण्याची जोडपी यायची. मी कॅमेरा घेऊन, तो गाडी घेऊन, असे आम्ही रेवदंड्याच्या किल्ल्यापाशी उभे. गाडीत बसणं सोपं होतं, बाहेर निघणं कठीण. इतक्या खाली बसल्यावर माणसाला उठताच यायचं नाही. एका नवऱ्या मुलीच्या जाड्या मावशीने हौसेने बसून घेतलं आणि मग तिला बाहेर काढताना तिघांची दमछाक झाली. त्यानंतर त्याने एक पद्धत बसवली. दार पूर्ण उघडायचं, गिऱ्हाइकाला आधी दोन्ही पाय बाहेर काढायला सांगायचं, मग दोन्ही हात धरून ‘हां, आता समुद्राकडं बघा’ म्हणायचं आणि बघितलं की ओढायचं. लोकांना तो त्या सेवेचाच भाग वाटायचा. हप्ते वेळेवर जात होते. बंगल्याच्या नव्या मालकांनी निरोप पाठवला, तर याने उलट निरोप दिला की मला वेळ नाही. तो निरोप त्याने मला चार वेळा ऐकवला असेल.

मग तुळशीचं लग्न झालं आणि माणसांची सुरू झाली.

भावकीतली पहिली वरात नागोठण्याकडची. तिथे कळलं की गाडी दोन सीटांची आहे. म्हणजे ते सगळ्यांना दिसत होतंच, पण लग्नाच्या हिशेबाने ते कोणी पाहिलं नव्हतं. एका सीटवर हा चालवायला. दुसऱ्या सीटवर नवरा. आणि करवली? नवऱ्याची बहीण हातात करा घेऊन भावाला खेटून बसणार, हे ठरलेलं. ती म्हणाली, मी मागच्या गाडीतून येणार नाही, माझा मान आहे. हा म्हणाला, मी उतरलो तर गाडी कोण चालवणार? नवरा म्हणाला, मी चालवतो, पण त्याच्या डोळ्यांपुढे मुंडावळ्या. शेवटी करवली मागे, जिथे टप घडी करून ठेवतात तिथे चढून बसली, पाय दोघांच्या मध्ये सोडून. करा तिच्या मांडीवर. गतिरोधक आला की कऱ्यातलं पाणी याच्या मानेवर. तेव्हापासून वरातीला तो मानेला टॉवेल गुंडाळून जायचा.

गतिरोधकांचंही एक होतं. आमच्याकडे प्रत्येक वाडीने आपापल्या दारात आपापल्या मापाचे गतिरोधक घातलेत. चिंबोरीचं पोट त्यावर टेकायचं. म्हणून त्याने आंब्याच्या दोन फळ्या करून घेतल्या. गतिरोधक आला की वाजंत्रीवाल्यांच्या टेम्पोतून फळ्या उतरायच्या, गाडी त्यावरून चढायची, फळ्या परत टेम्पोत. आणि वरात चालते कशी? चार पावलं, नाच. चार पावलं, नाच. इतक्या वेगाच्या गाडीला इतक्या हळू चालवलं की तिचा क्लच जळतो. नवऱ्याच्या अंगावर अत्तर, गाडीखालून जळका वास. प्रत्येक मोसमात तो एकदा तरी क्लच बदलायचा. खर्च कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण घरची गाडी.

वैशाखात माझ्या स्टुडिओत बसून तो फोन घ्यायचा. मुंबईहून चांगली गिऱ्हाइकं विचारायची. “त्या दिवशी न्हाय जमायचं. घरचं लग्न हाय.” पुढची तारीख. “त्या दिवशी पन घरचंच लग्न हाय.” एकदा पलीकडच्या बाईंनी विचारलं, “काका, तुमच्या घरी मुलं तरी किती आहेत?” मी खुर्चीतून पडेस्तोवर हसलो. तोही हसला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ समोरच्या भिंतीवरच्या माझ्याच फोटोंकडे बघत राहिला. त्या बहुतेक फोटोंत चिंबोरी होती, आणि तो एकाही फोटोत नव्हता.

मला त्याचा राग यायचा, अगदी मनापासून. मी म्हणायचो, “सांग ना एकदा, नाही जमत म्हणून.” तो म्हणायचा, “सही करताना त्यांनी न्हाय म्हटलं व्हतं का?”

तिसऱ्या वर्षी एका हॉटेलवाल्याने गाडी वर्षभरासाठी मागितली. पाहुण्यांना फिरवायला, चालवायला हाच. पगार नाही, वर्षाचं भाडं ठरवून. कर्ज फिटलं असतं आणि त्यापुढचं सगळं त्याचं. अट एकच, गाडी दुसरीकडे जाणार नाही. याने पहिल्यांदा हिय्या केला आणि भावकीची बैठक बोलावली. देवळाच्या सभामंडपात सगळे जमले. मीही एका खांबाला टेकून बसलो होतो, शेजारी म्हणून.

त्याने सगळं नीट सांगितलं. म्हणाला, ज्यांची लग्नं राहिलीत त्यांच्यासाठी मी दुसरी गाडी भाड्याने आणून देतो, माझ्या खर्चाने. मग अण्णांनी घसा साफ केला.

“गाडी तुझी हाय. त्यात वाद न्हाय,” अण्णा म्हणाले. “पन ती कोनाच्या वाडीवर उभी राहिली? आन मला सांग, पनवेलकरांची पोर ह्या गाडीतून गेली. मग आमच्या बंड्यानं का दुसऱ्या गाडीतून जायचं? तो काय सावत्र हाय?”

यावर सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं, हे मला आजही वाटतं, म्हणून तर जास्त चीड येते. ठरलं असं की ज्या घरांनी सह्या दिल्या त्यांच्यातलं शेवटचं लग्न होईपर्यंत गाडी भावकीची. मग कोणीतरी विचारलं, शेवटचं कोण? शोधता शोधता कळलं की उरणच्या घरातली धाकटी अंगणवाडीत आहे. सभामंडपात हशा पिकला. पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या तिच्या बापाकडे बघून तोही हसला, आणि बापाने तिला सांगितलं, “बघ, तुझ्या काकाची गाडी तुझ्या लग्नापर्यंत हाय.” पोरीने त्याला टाटा केला.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. खाऱ्या हवेने गाडीचं पोट खाल्लं, हप्ते थकले, आणि शेवटी पतसंस्थेने गाडी उचलून नेली. उरलेल्या कर्जासाठी भावकीने वर्गणी काढून वाडी सोडवली, सुपारीची वाडी जाऊ देतील असे ते लोक नव्हेत. तो आता नव्या विमानतळाच्या बाजूला कुठल्याशा कंपनीची बस चालवतो, वहिनींना घेऊन तिकडेच राहतो. गणपतीला येतो. घराला एरवी कुलूप असतं. गडग्यापलीकडे कोणी नसलं की संध्याकाळी फार जाणवतं, आणि मी ते कबूल करतो.

पण मला सांगायचंय ते त्याआधीचं, त्याच्या मुलीच्या लग्नाचं.

मुलगी एकुलती एक, नर्सिंग शिकलेली, बापासारखी गोड बोलत नाही. तिचं जमलं ते मुरुडच्या अलीकडच्या एका घरात. मुलगा जहाजावर कामाला. त्याची सुट्टी संपत आली होती, आणि सुट्टीत बसणारा मुहूर्त एकच. नेमका तोच म्हसळ्याच्या बंड्याने आधी धरलेला. तुम्हाला वाटेल, यात विचार कसला करायचा? मलाही तसंच वाटलं. मी त्याला गडग्यावरून विचारलं, “अण्णांना सांगितलंस ना?”

“सांगितलं. त्यांचा सकाळचा मुहूर्त, आपला दुपार कलल्यावरचा. नवरा मांडवात पोचवला की मी निघालो. दिघीला गाड्या पलीकडे नेणारी जंगल जेट्टी पकडली की मुरुडवरून सरळ घरी.”

“चावी दुसऱ्या कोणाला तरी दे.”

“मागच्या साली दिलेली. पोट फोडून आणली.”

आतून वहिनींचा आवाज आला. “भावजी, त्यांना सांगू नका काही. शब्द देताना मला इचारलं व्हतं का त्यांनी? का पोरीला इचारलं व्हतं?”

मुलगी अंगणात हातांवर मेंदी काढून घेत होती. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, “मला ती गाडी नकोच आहे. सगळ्यांच्या पोरींना कबूल केली, एका माझ्याकडून सही घ्यायची नव्हती म्हणून मी राहिले. मी व्हॅनने जाईन. बाबा वेळेवर आले म्हणजे झालं.”

तो तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिच्या दोन्ही हातांवर ओली मेंदी, त्यामुळे धरायला हात नव्हता. मग तो चिंबोरी पुसायला गेला.

लग्नाच्या दिवशी पहाटे तो गेला. मी मांडवात कॅमेरा लावून बसलो, फोन खिशात. पहिला फोन आला तो म्हसळ्याहून. “बंड्या पोचला मांडवात. पन अण्णा म्हणतात सून घरी आणल्याशिवाय गाडी कशी सोडू.” मी म्हणालो, “सोडू काय सोडू? तू नीघ.” तो म्हणाला, “निघतो.” तो निघाला नाही, हे मला त्याच्या ‘निघतो’वरूनच कळलं. पुढचा फोन दिघीचा. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, जेट्टीला मुंबईकरांच्या गाड्यांची रांग.

मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. कन्यादानाला वहिनींबरोबर त्यांचा भाऊ बसला. मी मुलीच्या चेहऱ्याचे फोटो काढत होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होतो. ती एकदाही दाराकडे बघत नव्हती. इतकी वर्षं नवऱ्या मुलींचे फोटो काढतोय, दाराकडे न बघण्यासाठी मान किती ताठ धरावी लागते ते मी लेन्समधून बघितलं.

मग माझ्या हातात जेवढं होतं तेवढं मी केलं. पाठवणी लांबवली. आधी नवरा-नवरी आणि मुलाकडचे. मग मुलीकडचे. मग मामा वेगळे, आत्या वेगळ्या. मग विहिरीपाशी. मग चष्मे काढून. “एकच राहिला,” असं मी इतक्या वेळा म्हणालो की नवऱ्याचे मामा कंटाळून म्हणाले, “अहो, आता फोटोंचा पन कंटाळा आला, निघू द्या. साळावच्या पुलावर तुंबलं असंल.” नवऱ्याची आई मात्र माझ्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. तीच म्हणाली, “सुनेबरोबर माझा एक काढा. नीट काढा, वेळ लागू दे.” पण उन्हं उतरली आणि शेवटी निघावंच लागलं. वहिनी व्हॅनच्या काचेला हात लावून उभ्या राहिल्या.

घरात शिरतानाचे फोटो काढायचे म्हणून मी पुढच्या सीटवर. मागे नवरा-नवरी आणि नवऱ्याची आई. रेवदंडा पार केलं आणि पुलाच्या मध्यावर आम्ही अडकलो. तो पूल तुम्ही पाहिला असेल, अरुंद, जुना, खाली खाडी. दोन्ही बाजूंच्या रांगा एकमेकींना घासून उभ्या. इंजिनं बंद करून लोक खाली उतरले, कठड्याला टेकून फोटो काढायला लागले. फोन वाजला.

“पुलावर अडकलोय,” तो म्हणाला. “किती वेळ लागेल सांगता येत न्हाय. पाठवणी थांबव जरा.”

मी मान वर केली. समोरून येणाऱ्या रांगेत, एका टेम्पोच्या मागे, नारिंगी नाक दिसत होतं. बोनेटवर बंड्याच्या लग्नातले झेंडू अजून लटकत होते. शहरातली चार पोरं गाडीला टेकून सेल्फी काढत होती आणि हा मानेला टॉवेल गुंडाळून, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला होता. ना पुढे जाता येत होतं, ना मागे.

मी काही सांगायच्या आत मागचं दार सरकलं. मुलगी उतरली. शालू गुडघ्यापर्यंत गोळा करून ती गाड्यांच्या फटीतून चालत गेली. पोरं बाजूला झाली. तिने चिंबोरीचं दार उघडलं आणि आत बसली. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने मानेचा टॉवेल काढला आणि त्यात तोंड घातलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी फोटो काढले. लांबून, काचेतून, पण काढले.

तेवढ्यात टोकाला पोलिसाची शिट्टी वाजली आणि त्यांची रांग सुटली. आमची नाही, त्यांची. मागच्यांनी कल्ला केला, थांबायला जागाच नव्हती. त्याला गाडी पुढे घ्यावी लागली. मुलगी उतरायला गेली तर दार उघडेना, गाडी आता पुलाच्या कठड्याला खेटलेली. आमच्या अगदी अंगावरून चिंबोरी सरकत गेली. नवऱ्या मुलीने आमच्याकडे बघून हात केला, घाबरून की हसून ते कळलं नाही. पुढे कोणी नाचत नव्हतं, पण गाडी तशाच चालीने चालली होती. नवरा मागे वळून बघत राहिला. त्याची बायको माहेरच्या दिशेने चालली होती आणि तो खाडीवर अडकला होता.

“आता?” त्याने मला विचारलं.

मी तिच्या बापाला फोन लावला. एरवी पहिल्या घंटीला उचलणारा माणूस, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला. तोही नाही. रेवदंड्याच्या टोकापर्यंत जाणार, तिथे वळायला जागा शोधणार, परत या रांगेच्या शेपटीला लागणार, म्हणजे बराच वेळ होता. पुढे आमचीही रांग सुटली. साळावच्या बाजूला उतरून आम्ही रस्त्याकडेला थांबलो. नवऱ्याचे मामा दुसऱ्या गाडीतून उतरून ओरडायला लागले, की हे काय चाललंय, नवरी कुठे आहे, पोरीला आणायला कोणाला तरी पाठवा.

नवऱ्याच्या आईने त्यांना हाताने गप्प केलं.

“येऊ दे तिला सावकाश,” ती म्हणाली. “पुढं जन्मभर आमच्याकडंच तर ऱ्हायचंय तिला.”

मग तिने पाण्याची बाटली काढली, सगळ्यांना घोट घोट दिला आणि पुलाकडे पाठ करून दगडावर बसली.